बेटावरचा दिवस परतीच्या बोटीपासून आखायला घ्या

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे. नाताळच्या सुट्टीत आठ जणांचं कुटुंब अंदमानला निघालं आहे. सोबत सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. पाच वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा आहे. यजमान तलावात पोहायला शिकलेले. सहलवाल्याने कार्यक्रमात 'जॉली बॉय बेट, एक दिवस' असं लिहून दिलंय. तिथे हॉटेल नाही, दुकान नाही, राहायची सोय नाही, एवढंच त्यांना कळलं. त्यांचे प्रश्न असे: जावं का, सासूबाईंना न्यावं का, काय सोबत घ्यावं, मुलांना पाण्यात सोडावं का, आणि समुद्र कधीच न पाहिलेल्या माणसांनी कशाची काळजी घ्यावी.

मी नागपूरहून कुटुंबांचे गट अंदमानला आणि कोकणात नेण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जावं का, तर जरूर जा. अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून जास्त बेटं आहेत आणि माणसं राहतात ती चाळीसहूनही कमी बेटांवर. सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय मराठी माणूस परत येत नाही, ते योग्यच आहे. पण जिथे माणसाने काही बांधलेलं नाही अशा किनाऱ्यावर मुलांना दोन-तीन तास मिळणं ही त्या सहलीतली सगळ्यात मोठी मिळकत आहे, असं माझं ठाम मत आहे. फक्त हा दिवस तुमच्या नेहमीच्या सवयीने आखू नका. पचमढीला किंवा चिखलदऱ्याला आपण 'निघू सकाळी, बघू पुढे' असं करतो, कारण गाडी आपली असते आणि उशीर झाला तर रस्त्यात ढाबा असतो. निर्जन बेटावर ना गाडी, ना ढाबा. तिथे दिवसाचा मालक म्हणजे परतीची बोट आणि पाण्याची पातळी. त्यामुळे आधी परत कधी आणि कसं यायचं ते ठरवायचं आणि तिथून मागे मोजत सकाळपर्यंत यायचं.

तुमच्याच दिवसावर मोजून दाखवतो. जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट आहे. हे उद्यान १९८३ मध्ये झालं, त्यात १५ बेटं येतात आणि क्षेत्र साधारण २८१ चौरस किलोमीटर आहे. बोट सुटते वंडूरच्या जेटीवरून, आणि वंडूर पोर्ट ब्लेअरपासून तीसेक किलोमीटरवर आहे. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे, तिकिटावर दोन्हींपैकी कुठलंही दिसलं तरी गोंधळू नका. बोटी सकाळीच, साडेआठ-नऊच्या सुमारास निघतात, खारफुटीच्या खाडीतून तासाभरात पोचतात, किनाऱ्यावर दोन-तीन तास मिळतात आणि ज्या बोटीने गेलात तिनेच दुपारी परत यायचं. आता मागे मोजा. जेटीवर बोटीच्या तासभर आधी हजर राहायचं, कारण सामानाची तपासणी होते. त्याच्या आधी तासाभराचा रस्ता. म्हणजे हॉटेलातून निघायची वेळ साडेसहा-सातची येते, आणि आठ जणांचं आवरायचं तर उठायची वेळ पाचची. ही वेळ ऐकून घाबरू नका. अंदमान आपल्या खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच, म्हणून डिसेंबरात तिथे साडेपाच-पावणेसहाला उजाडतं आणि संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो. नागपुरात त्या वेळी अजून अर्धा तास ऊन असतं. आपल्या माणसांना हे लक्षात येत नाही आणि संध्याकाळचे कार्यक्रम एकामागून एक अंधारात जातात.

त्याच दिवशी संध्याकाळी सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम ठेवू नका. मीठ, ऊन आणि बोटीचा हेलकावा यांनी लहान मुलं दुपारी चारलाच झोपतात.

दोन गोष्टी आजच तपासा. पहिली, तुमचा बेटाचा दिवस सोमवार आहे का? सोमवारी हे उद्यान बंद असतं. नागपुरात बसून कार्यक्रम टाइप करणाऱ्याला हे नेहमीच ठाऊक असतं असं नाही. दुसरी, वन विभागाची परवानगी आणि बोटीचं तिकीट हातात आहे का, की 'तिथे गेल्यावर बघू' असं आहे? रोज ठरावीकच लोकांना सोडतात आणि नाताळच्या आठवड्यात जागा लवकर भरतात. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं सोबत लागतील, मुलांचीही. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत उघडं असतं. उरलेल्या काळात त्याला विश्रांती देऊन जवळचं रेडस्किन बेट उघडतात. डिसेंबरात तुम्हाला कुणी रेडस्किन म्हणून सांगत असेल तर पुन्हा विचारा.

बेटाचा दिवस सहलीच्या शेवटी, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी, अजिबात ठेवू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात, आणि वादळ शेकडो किलोमीटर दूर असलं तरी बोटी बंद ठेवतात. दिवस सुरुवातीला ठेवलात तर रद्द झाला तरी पुढे ढकलायला जागा राहते. बोट बंद आहे म्हणून जेटीवर वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत. बंदर खात्याने बंद म्हटलं की विषय संपला.

आता पाण्याबद्दल, आणि इथे जरा थांबतो, कारण आम्हा विदर्भातल्या लोकांना नेमकं हेच कुणी सांगितलेलं नसतं. फुटाळा, अंबाझरी, खिंडसी, पेंच: आपलं सगळं पाणी जिथे असतं तिथेच असतं. पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, पण सकाळी पाहिलेला काठ दुपारी तोच असतो. समुद्राचं तसं नाही. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, म्हणजे दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं, आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चढ-उतार सगळ्यात मोठा असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास तो सगळ्यात लहान असतो, तो भांग.

म्हणून सहल ठरवताना कालनिर्णय जवळ ठेवा. कोकणातल्या कोळ्यांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे. हा हिशेब आपल्या पश्चिम किनाऱ्याचा आहे आणि त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. अंदमानात घड्याळाचे आकडे वेगळे येतात, तिथे भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकं पाहायची किंवा आदल्या संध्याकाळी जेटीवरच्या माणसाला विचारायचं. पण तिथीवरून उधाण की भांग हे मात्र दोन्हीकडे सारखंच कळतं, आणि तुमच्यासाठी तेच जास्त महत्त्वाचं आहे.

कसं ते सांगतो. जॉली बॉयला लोक जातात ते किनाऱ्यालगतचे प्रवाळ पाहायला. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते, वाळू कमी ढवळते, त्यामुळे तळ स्वच्छ दिसतो आणि नवशिक्यांना पाण्यात स्थिर राहता येतं. तारखेत दोन-तीन दिवस मागेपुढे करायला वाव असेल तर सप्तमी ते दशमीतला दिवस निवडा. उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं उतरतं की पोहणाऱ्याचे पाय प्रवाळांना लागतात. पाय कापतो, आणि वर्षानुवर्षं वाढलेला जिवंत प्रवाळ मोडतो.

उलट उत्तरेला दिगलीपूरजवळ रॉस आणि स्मिथ ही जोड बेटं आहेत. त्यांच्यामध्ये वाळूचा एक पट्टा आहे, तो ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. तिथे ओहोटीची वेळ साधूनच जायचं, नाहीतर फोटोत पाहिलेला पट्टा दिसतच नाही. त्या बेटांची बोट एरियल बे जेटीवरून मिळते, पण दिगलीपूर पोर्ट ब्लेअरपासून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तुमच्या आठवड्याच्या सहलीत ते बसणार नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण रॉस नावाची दोन बेटं आहेत. पोर्ट ब्लेअरच्या समोरचं, इंग्रजांच्या पडक्या इमारतींचं रॉस वेगळं. त्याचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. कार्यक्रमात नुसतं 'रॉस' लिहिलं असेल तर ते हेच, आणि ते निर्जन किनारा म्हणून मोजू नका.

सासूबाईंचं काय? प्रश्न चालण्याचा नाही, चढण्या-उतरण्याचा आहे. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट जरा लांब थांबते, तिथून काचेच्या तळाच्या लहान बोटीत उतरावं लागतं आणि ती वाळूपाशी नेते. दोन्ही बोटी हलत असतात. हात धरायला माणसं असतात, तरी गुडघा वाकवून एक पाय खाली टाकायचा आणि त्यावर वजन घ्यायचं, हे करावंच लागतं, आणि परत येताना तेच उलट. माझा सल्ला असा: निघण्याआधी एका रविवारी त्यांना रामटेकच्या खिंडसीला घेऊन जा आणि बोटीत बसवून आणा. पाणी शांत असतं, सोबत घरचीच माणसं असतात. तिथे हात धरून चढता-उतरता आलं, भीती वाटली नाही, तर अंदमानातही जमेल. तिथेच अवघड गेलं तर त्यांना बेटावर नेऊ नका. घरातलं एक माणूस त्यांच्यासोबत शहरात थांबू द्या. सेल्युलर जेल त्या दिवशी निवांत पाहून होईल. तिथवर जाऊन बोटीतच बसून राहावं लागणं त्यांना जास्त लागेल.

दोघांनाही, मुलांना आणि सासूबाईंना, बोट लागू शकते. नाश्ता हलका ठेवा. तर्री-पोहे नकोत, पण पोट रिकामंही नको. इडली किंवा केळं पुरे. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या बाजूला बसा, मोबाइलमध्ये मान घालू नका, क्षितिजाकडे पाहा. उलटीची गोळी द्यायची तर निघण्यापूर्वीच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. ती बोटीत बसण्याच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

बेटावर प्लास्टिक नेता येत नाही. वंडूरला बॅगा उघडून पाहतात. कुरकुऱ्याचं पाकीट, बिस्किटपुडा, पाण्याची साधी बाटली, सगळं काढून ठेवायला लावतात. ज्या बाटल्या नेऊ देतात त्यांच्यासाठी अनामत भरून त्या परत आणायची अट असते. यात आपल्या घरचं खाणं फार उपयोगी पडतं. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे, कोरडा चिवडा हे सगळं स्टीलच्या डब्यात आणि सुती फडक्यात न्या. नागपूरहून निघताना पिशवीभर संत्री घ्या. प्रवासात टिकतात, तहान भागवतात आणि त्यांना वेष्टन नसतं. मात्र सालं आणि बिया डब्यात भरून परत आणायच्या. 'कुजूनच जाईल' असं म्हणून वाळूत पुरू नका. त्या जमिनीत जे कधी नव्हतं ते तिथे टाकायचं नाही, आणि खाण्याचा वास लागला की उंदीर-कावळे किनाऱ्यावर येऊ लागतात. पाणी माणशी किमान दोन लिटर, धातूच्या बाटल्यांत. तिथे एक थेंबही विकत मिळणार नाही.

शौचालयाचा भरवसा धरू नका. जेटीवर सगळ्यांनी जाऊन यायचं, मुलांना सांगून नव्हे, सोबत नेऊन.

नागपूरकरांना वाटतं की उन्हाचं आम्हाला काय. पंचेचाळीस अंश पाहिलेला माणूस एकतीसला घाबरेल कसा? पण आपलं ऊन कोरडं असतं, घाम लगेच उडतो आणि अंग गार होतं. तिथे हवेत आधीच ओल भरलेली, घाम सुकत नाही आणि पाणी मात्र अंगातून जातच राहतं. वरून समुद्राचा वारा लागतो, त्यामुळे चटका जाणवत नाही, आणि पांढऱ्या वाळूवरून ऊन खालूनही येतं. डिसेंबरातल्या दुपारी तिथला सूर्य नागपूरपेक्षा दहा अंशांनी जास्त वर असतो. रात्री हॉटेलात खांदे आणि मानेची मागची बाजू लाल होऊन मुलं रडतात ती यामुळे. पूर्ण बाह्यांचे पातळ सुती कपडे, टोपी आणि आपला नेहमीचा दुपट्टा. पाण्यात उतरणाऱ्यांनी पाठ झाकणारा टीशर्ट घालायचा. पालथं तरंगत मासे पाहताना पाठच भाजते. किनाऱ्यावर बारीक वाळूमाशा असतात. त्यांचे चावे चार-पाच दिवस खाजतात, म्हणून वाळूवर उघड्या पायांनी लोळायचं नाही, चादर अंथरायची.

यजमान पोहणारे आहेत, हे वाचून मला उलट जास्त काळजी वाटली. तलावात पोहणाऱ्याला वाटतं, आपण दमलो तर काठ समोरच आहे. समुद्रात काठाकडे तोंड करून हातपाय मारत असतानाही ओढ तुम्हाला आत नेऊ शकते. तसं झालं तर तिच्याशी झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की मग किनाऱ्याकडे वळायचं. आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालायचंच. जॅकेटचे पट्टे बांधलेले नसतील तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. मुलांचं जॅकेट मुलांच्या मापाचं मागा, खांद्याला धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. हवं ते माप नाही म्हणाले तर त्या मुलाला बोटीत चढवू नका.

बोटीत माणसं जास्त भरली आहेत असं दिसलं तर उतरा. तिकिटाचे पैसे जाऊ द्या. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटली, त्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक होते आणि वीसहून अधिक जीव गेले. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटून नागपूरची तरुण पोरं बुडाली, ते दुःख शहर विसरलेलं नाही. फोटोसाठी सगळे एका बाजूला गेले तरी लहान बोट कलते. मुलांना हे बसण्याआधीच समजावून सांगा.

पाण्यात फक्त सांगितलेल्या जागीच उतरा. वंडूरच्या किनाऱ्यावर मगरींच्या सूचनेचे फलक आहेत, खाऱ्या पाण्यातल्या मगरी त्या खारफुटीत खरोखर असतात. बेटावर मार्गदर्शक दाखवील तेवढ्याच पट्ट्यात पोहायचं, रिकामा किनारा दिसला म्हणून कोपऱ्याला वळसा घालून जायचं नाही. पायात जुने कॅनव्हासचे बूट असू द्या.

तिथून काहीही उचलून आणायचं नाही. मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगेत सापडला तर अडचण होते. मुलांना शंख-शिंपल्यांचा मोह आवरत नाही, म्हणून आधीच सांगा की रिकाम्या शंखात खेकडा घर करतो, आपण शंख आणला तर त्याला घर राहत नाही. मुलं ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना हे उन्हाळ्यात करायचं आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आपल्याकडची बरीच कुटुंबं मेच्या शेवटी आणि जूनमध्ये निघतात. पण मोसमी पाऊस देशात पहिल्यांदा पोचतो तो अंदमानातच, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. कोकणातही मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत लहान प्रवासी बोटी बंद असतात. त्या सुट्टीत बेटाचा हट्ट धरू नका, एप्रिल गाठा किंवा दिवाळीनंतर जा. अंदमानचा खर्च झेपत नसेल तर उडुपीजवळच्या मालपे बंदरातून सेंट मेरीज बेटांची बोट मिळते, तीही पावसाळ्यात बंद. तिथे थंड झालेल्या लाव्ह्याचे षटकोनी खांब समुद्रात उभे आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाहूनही ते जुने आहेत, मादागास्कर भारतापासून तुटलं त्या काळातले. पोहायला ती जागा धोक्याची, पाहायला मात्र अप्रतिम.

शेवटचा प्रश्न, पाच वर्षांच्या मुलीला स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगणं, करू द्यावं का. मी करू देणार नाही. तोंडाने श्वास घेण्याची सवय त्या वयात सहसा लागत नाही, नळीत पाणी गेलं की मूल घाबरतं आणि पुढचे दोन दिवस पाण्याजवळ येत नाही. तिला काचेच्या तळाच्या बोटीतून मासे दाखवा आणि मग गुडघाभर पाण्यात तुम्ही स्वतः हात धरून उभ्या राहा. मुलाला मात्र आधी नागपुरातल्या स्विमिंग पूलमध्ये मास्क लावून श्वास घ्यायला शिकवा, दोन-तीन रविवार पुरतात. तिथे पोचल्यावर पहिली दहा मिनिटं त्याला उभं राहता येईल इतक्याच पाण्यात ठेवा, मग मार्गदर्शकासोबत पुढे पाठवा, आणि यजमानांनी त्या वेळात स्वतः पोहायला न जाता काठावर उभं राहून त्याच्यावरच नजर ठेवावी.